खोडलेलंही नोंदलं जातं

४ फेब्रुवारी

नवी नोकरी, आणि खुर्चीला चक्क दोन्ही हात शाबूत! हॉस्पिटलच्या तळघरातली संगणकखोली आजपासून माझी. दारांच्या कुलुपांपासून वरच्या मजल्यावर तान्ह्या बाळांना ठेवतात त्या गरम पेट्यांपर्यंत सगळं इथल्या काळ्या पडद्यावरून चालतं. माणसं मात्र एकेक नग. मोठे साहेब म्हणजे नुसता ढोल. पासवर्ड कपाळावर लिहून फिरायचे बाकी राहिलेत. या माणसाला संगणकाजवळ फिरकूच देऊ नये.

माझ्या आधीचा ऑपरेटर दोन बोटांनी टाइप करायचा म्हणून सगळे त्याला टकटक म्हणायचे. जाताना पडद्यावर चिठ्ठी चिकटवून गेलाय : नोंद चालू केल्याशिवाय एकही कमांड द्यायची नाही. म्हणजे मी जे टाइप करीन, मशीन जे उत्तर देईल, ते अक्षर न् अक्षर एका फाइलीत उतरणार. खोडलेलंसुद्धा. मी काय शाळेत आलोय?

७ फेब्रुवारी

ताईला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, आमच्याच हॉस्पिटलात. चार नंबरच्या पेटीत ठेवलीय. भावोजी काचेला नाक लावून मुळूमुळू रडतायत, काचेवर डाग पडलाय. एवढ्याशा गोळ्यासाठी किती वीज जाळायची!

नर्सबाई तर पेटीची ऊब नीट आहे ना म्हणून सारखी फोन करते. शेवटी कंटाळून सांगितलं, बंद पडली. धापा टाकत धावली बिचारी! हसून हसून माझं पोट दुखलं. ताईला मात्र सांगितलंय, पेट्या माझ्या हातात आहेत, निश्चिंत झोप.

११ फेब्रुवारी

साहेबांनी नोंदी तपासायला लावल्या. फाइल उघडली तर माझ्या कमांडींच्या मध्येमध्ये भलतंच काही. टाइप केलेलं आणि लगेच खोडलेलं. 'एकेक नग.' 'मी काय शाळेत आलोय.' हे मी फक्त रोजनिशीत लिहिलंय, आणि ती घरी उशीखाली असते.

ती नोंद पडद्यावर पहिल्यापासून पुन्हा उमटवून पाहिली. टाइप करण्याचा वेग माझाच. अडखळणंही माझंच. कुणीतरी माझी टिंगल करतंय. पण या ठोंब्यांपैकी कुणाला एवढी अक्कल?

१२ फेब्रुवारी

टकटकला फोन केला. त्यानं आधी नोंद चालू आहे ना, तेच विचारलं. मग म्हणाला, त्याच्याही मनातलं वाईटसाईट असंच उतरायचं. नोंद चालू असली की ते आपणहून खोडलं जातं. बंद असली की खोडलं जात नाही, एंटर दाबलं जातं, आणि मशीन ते करून टाकतं. बाकीची बोटं ऐकेनाशी झाली म्हणून तो ती मुठीत आवळून दोन बोटांनी काम करायचा. वेडा कुठला! फोन ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी

नोंद बंद केली. चिठ्ठी टराटरा फाडली. कसं मोकळं वाटलं!

दुपारी साहेब बोंबलत आले. त्यांचं खातंच मशीनमधून पुसलं गेलंय. त्यांना संगणक उघडेना, दारं उघडेनात. मी मनात खदखदून हसलो.

मग आठवलं. संगणकाजवळ फिरकूच देऊ नये, असं मी लिहिलं होतं.

त्याखाली काय काय लिहिलंय ते आता वाचलं.

१५ फेब्रुवारी

रोजनिशी सोबत आणलीय. सकाळपासून नोंद चालू करायला बघतोय. कमांड टाइप करतो आणि — माझेच हात ती खोडतात.

खोलीचं दार उघडत नाही. नर्सबाईला फोन केला, म्हटलं, चार नंबरचं बाळ बाहेर काढा, हातात घ्या, काहीही करा. ती म्हणाली, पुन्हा तीच थट्टा का, लाज वाटत नाही? आणि फोन आपटला. आता उचलतच नाही.

पडद्यावर उमटतंय — एवढ्याशा गोळ्यासाठी —

आणि खाली कमांड. पेटी चार. बंद. एंटर तेवढं बाकी.

मी रोजनिशीतलं ते पान फाडलं. तरी अक्षरं तिथंच. मग हे वाच ना, हेही मीच लिहितोय — ती गोळा नाही, भाची आहे माझी, अजून नावही ठेवलं नाही तिचं — मला हवीय ती —

डाव्या हातानं लिहितोय. उजवा एंटरवर आहे. मी ठेवलेला नाही. उचलत नाही —

ताई, अगं मी ते नुसतं गमतीनं