गाण्याच्या वर्गाचा निळा

३ फेब्रुवारी

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. समितीच्या बैठकीत बिस्किटांची बशी डावीकडून फिरवली गेली, आणि मी बसतो उजव्या टोकाला! माझ्या वाट्याला केवळ चूर्ण आले. शंभर वर्षांची शाळा जतन करायला निघालेले हे लोक — यांच्याने एक बिस्कीट जतन करवत नाही!

बाकी काम झालं. नियमावली मराठीत आणायला मला घेतलंय. ‘शक्यतो बदलू नये, दुरुस्त करावे. पुरावा असेल तेच पुन्हा करावे, अंदाजाने नव्हे.’ या शेवटच्या नियमाला मी आधी ‘अनुमान त्याज्य’ म्हटलं होतं. वास्तुतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “सर, मिस्त्री काम सोडून पळतील.” खोडलं.

९ फेब्रुवारी

गाण्याचा वर्ग उघडला. आई इथेच शिकवायची. शाळा सुटल्यावर ताई आणि मी मागच्या बाकावर तिची वाट बघत बसायचो. ती फळा पुसायची, एकेक खिडकी लावायची, आणि भिंतींचा निळा हळूहळू गडद होत जायचा. आता सगळं मळकट पांढरं आहे. तरी मला निळंच दिसलं.

बाईंना सांगितलं, “मूळ रंग निळा. धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा. मी प्रत्यक्ष साक्षीदार!”

“छान. पण सर, भिंतीलाही विचारू या.”

१० फेब्रुवारी

निळ्याच्या बाजूने टिपण दिलं. अध्यक्ष म्हणाले, “सर म्हणतात म्हणजे असणारच.” बशीही आज उजवीकडून निघाली.

१६ फेब्रुवारी

बाईंनी बारीक सुरीने तळहाताएवढी भिंत खरवडली. एकाखाली एक थर, पायऱ्यांसारखे. पांढरा. पुन्हा पांढरा. मग पोपटी. मग चुना.

निळा नाही.

“दुसरीकडे बघा,” मी म्हटलं. त्यांनी खिडकीखाली बघितलं, फळ्यामागे बघितलं, दाराशी बघितलं. तेच. “कुणी खरवडून काढला असेल,” मी म्हणालो. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. ते जास्त लागलं.

घरी येऊन ताईला फोन केला.

“निळा? काहीतरीच! हिरवागार होता. आई म्हणायची, पोपटाच्या पोटात बसून शिकवतेय मी.”

“मग मला निळा कुठून आठवतो?”

“मला काय विचारतोस? तू बाकावर घोरायचास. दप्तरं मी सांभाळायचे, तुझंसुद्धा!”

ती हसली. मीही हसलो. पोपटाचं ते वाक्य मला आठवत नाही. अजिबात नाही.

१७ फेब्रुवारी

टिपण मागे घेतलं. अध्यक्षांना कळवलं — साक्षीदार फुटला. बाई म्हणाल्या, “होतं असं सर, सगळ्यांचंच होतं.” नियम मराठीत मीच लिहिलाय, रागवू कुणावर!

२० फेब्रुवारी

पोपटी रंगाचा नमुना भिंतीवर लावला. भयंकर आहे. आई बरोबरच म्हणायची. म्हणत असेल तर.

२१ फेब्रुवारी

निळ्याचं दुःख नाही. आई मला हाक मारताना नावाचं शेवटचं अक्षर जरा लांबवायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती गेल्यापासून तेवढंच जवळ आहे. ताईला विचारावं, खरंच लांबवायची का? दोनदा फोन उचलला, ठेवला. ती “छे रे” म्हणाली तर?