रुक्मिणीसाठी स्टॅटिक आयपी

११ एप्रिल, सकाळी
काल सिद्धेशला मुलगी झाली. बायको देवकी लगेच त्याच्याकडे मांद्र्याला गेली. बारसं २१ला. नाव माझ्या आईचं, रुक्मिणी. सूनबाई ‘सेजल’ घोकतेय. मी समोर बसल्याशिवाय जमणार नाही. जाणारच!

अडचण एकच. मागच्या खोलीत यंदाच्या सगळ्या काजूबिया. लाटंबार्सेचं घर उघड्यावर टाकू? म्हणून हॉलमध्ये सिद्धेशकडून गेल्याच महिन्यात कॅमेरा लावून घेतला आणि नेट कंपनीकडून स्टॅटिक पब्लिक आयपी घेतला. म्हणजे घराचा नेटवरचा कायमचा पत्ता. मांद्र्यात बसून घर बघायचं. सिद्धेश म्हणत होता, बाबा, ॲपवर दिसतं, आयपी कशाला? खाणीवर बावीस वर्षं वायरलेस सेट सांभाळलेल्या माणसाला हा शिकवणार. अर्ध्या तासाचं काम.

१३ एप्रिल
आयपी चुकीच्या रकान्यात घातला, असं कस्टमर केअरची बाई म्हणते. दोन्ही रकाने सारखे, यात माझी काय चूक? आता राउटर मलाच आत घेत नाही.

१४ एप्रिल
टाचणीने रिसेट केला. नेटच गेलं. निदान मूळ कारण कळलं.

१६ एप्रिल
कंपनीचा शंभू आला, दहा मिनिटांत सगळं केलं. नव्वद टक्के तयारी माझीच होती. म्हणाला, घरच्या वायफायवर तपासू नका, बाहेरून तपासा.

१७ एप्रिल
घरात मोबाईलला रेंज नाही, बोलणं सगळं लँडलाइनवर. रेंज देवळाच्या पायऱ्यांवर. तिथे जायचं तर घर सोडावं लागणार. घर सोडायचं तर कॅमेरा चालतो याची खात्री हवी. खात्री पायऱ्यांवर.
उद्या शांतपणे विचार करीन.

१८ एप्रिल
विचार केला. पेच तसाच आहे. पाववाल्या पोदेराकडून उंडे खिडकीतूनच घेतो.

१९ एप्रिल
शेजारच्या सुशीलाला पायऱ्यांवर पाठवलं. तिथे पासवर्ड मागतोय म्हणून ती परत आली. परक्या माणसाला पासवर्ड कसा सांगायचा?

२० एप्रिल
देवकीला फोनवर सांगितलं, सगळं सेट आहे, बॅग भरलीय, सातची बस पकडतो. ती बरं म्हणाली. हसल्यासारखं वाटलं.

२१ एप्रिल, सकाळी ९
बस गेली. अकराची आहे, धारगळला बदलायची. तोवर खुर्चीत बसून शेवटचं चेकिंग.

२१ एप्रिल, दुपारी
डोळा लागला होता. देवकीच्या फोनने जाग आली. बारसं झालं. सेजल.
मी तापलो. मला न विचारता?
ती शांतपणे म्हणाली, “विचारलं नाय कसं? पाळण्याकडे सगळे जमलेले. सिद्धेशाच्या मोबाईलात तुमी खुर्चीत बसलेले दिसत होते. त्याने कॅमेऱ्यातूनच विचारलं, बाबा, सेजल ठेवू ना? तुमी तीनदा मान हलवलीत.”
नेट असेल तेव्हा रोज ॲपवर दिसत होतो म्हणे. बॅग भरली नव्हती, तेही.
नातीसमोरही मोबाईल धरला. तिने आजोबाला पाहिलं. मी तिला अजून नाही.