खिडकीखालचे

चौसाळा,
रविवार दुपार

प्रिय मुब्बू,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. फाडून टाकलं नसशील, तर पुढचं वाच.

नात सायली सुट्टीला आली आहे. तिला बी.ए.ला तीच छोटी इंग्रजी कादंबरी आहे, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, आपल्याला दहावीला होती ती. गुपित घेऊन स्वतःला कोंडून घेणारा लंडनचा डॉक्टर. मित्र खिडकीखाली येतात, तो हसतो, दोन शब्द बोलतो आणि धाडकन खिडकी लावून घेतो. सायली म्हणाली, “आजी, यातले सगळे एवढे एकटे का गं? मित्र आहेत, जेवणावळी आहेत, पण कुणी कुणाला मनातलं सांगतच नाही.”

आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीही वर्गात विचारलं होतं, सर्वांत एकटं कोण? मी ऐटीत उभी राहून म्हणाले, डॉक्टर. तू बाकावरूनच पुटपुटलीस, “नीचे खडे सो लोगां. उनको तो मालूमच नहीं क्या हुआ.” इंग्रजीच्या तासाला दखनी बोललीस म्हणून तास संपेपर्यंत उभी होतीस. मी खाली मान घालून हसत होते.

हे गेल्या श्रावणात गेले. अंगणात आता एकही गाडी थांबत नाही. परवा छबुबाईनं फडताळ आवरताना तो स्टीलचा डबा पुढ्यात ठेवला, झाकणावर तुझ्या अम्मींचं नाव ‘अजमतबी’ कोरलेला. म्हणाली, “बाईसाब, कावून ठिवलाय वो अजून? त्यांचा त्यांना देऊन टाका की.”

कसा देणार? डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या दोघींच्या घरचं वळण. त्या ईदला शीरखुर्म्याचा डबा आला, त्याला अकरा वर्षं झाली. आधी काय भरावं ते सुचेना. मग उशीर झाला म्हणून काहीतरी खास हवं असं वाटलं, आणि मग कितीही खास केलं तरी पुरेना. अम्मी गेल्याचं तुमच्या कय्युमभाईंनी फोनवर कळवलं. मी साडी नेसून तयार झाले, डबा हातात घेतला आणि परत फडताळात ठेवला. रिकामा डबा घेऊन मातीला कशी येऊ, असं स्वतःला सांगितलं. मुब्बू, ते खोटं होतं. तू विचारशील, याची भीती होती.

त्या ईदच्या वेळी यांना निवडणुकीची उमेदवारी मिळायची होती. अंगणात माणसं बसली होती. हे म्हणाले, “आज मुबश्शिरा नको, लोक बघतात.” ते ‘आज’ म्हणाले होते, गं. पुढची अकरा वर्षं माझी आहेत.

छबुबाईनं दारात तुला सांगितलं, “बाईसाब घरी न्हाईत.” मी घरीच होते. हे तुला ठाऊक आहे, कारण तू वर पाहिलंस, मी हसले, आणि मग खिडकी लावून घेतली. तरी तू डबा देऊन गेलीस. एवढं तोंडानं कबूल करायला जमलं नाही, म्हणून हे पत्र. काल शेंगापोळ्या केल्या, शाळेत माझ्या डब्यातून पळवायचीस तशा, कडेला जरा करपलेल्या. बुधवारी सकाळच्या एसटीनं बीडला येते. अम्मींचा डबा घेऊन तुझ्या खिडकीखाली उभी राहीन. तू खिडकी लावून घेतलीस तर डबा पायरीवर ठेवीन, पण लगेच निघणार नाही.

तुझीच, बाकावरची,
राजी