साहेबांच्या फोटोमागची नोटीस

७ जानेवारी, बुधवार

"फोटो. बटण. फोटो. बटण. लिंक."

कचेरीचं संकेतस्थळ संतोषच्या फोननं आज असं वाचून दाखवलं. संतोषला दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते त्याच्या फोनमधली बाई बोलते, तो ऐकतो. कुंभिवलीला हायवेवर त्याची चहाची टपरी आहे. संकेतस्थळ तपासायला कचेरीनं त्याला बोलावलंय, आणि ते सुधारायला मला. तो म्हणाला, "मॅडम, ही बाई रुसून माहेरी निघाल्यावानी बोलती." बाईचा काय दोष? आम्ही तिला वाचायला काही दिलेलंच नाही!

तर काम असं - प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं. डोळसांना ते दिसत नाही. फक्त संतोषसारख्यांचा फोन ते बोलून दाखवतो. जन्मभर वर्तमानपत्रात बातम्यांना मथळे दिले. निवृत्तीनंतर न दिसणारी वाक्यं लिहिणार. प्रगती आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

मी म्हटलं, आधी नोटिशी घेऊ. मनोज - संकेतस्थळ सांभाळणारा लिपिक - म्हणाला, "नोटिशी कोण वाचतंय, मॅडम? आधी साहेबांचे फोटो घ्या."

घेतले. साहेब फीत कापताना. साहेब झाड लावताना. साहेब तेच झाड पुन्हा लावताना, वेगळा शर्ट.

१३ जानेवारी, मंगळवार

आज एक नोटीस सापडली. हायवेकडेच्या टपऱ्या पुढच्या महिन्यात उठणार. नव्या बाजारात गाळे देणार, त्यातला एक दिव्यांगांसाठी राखीव. अर्ज ३० जानेवारीपर्यंत.

ही नोटीस संकेतस्थळावर कशी आहे? कागदाचा तिरका फोटो. कोपऱ्यात मनोजचा अंगठाही आलाय. संतोषच्या फोनमधली बाई त्यावर एकच शब्द बोलेल - "फोटो."

म्हणजे गाळा आंधळ्यासाठी, नोटीस डोळसांसाठी! वाटणी कशी चोख.

सगळी नोटीस टाइप करून, फोनला वाचता येईल अशी चढवून टाकली. अर्धा तास लागला. उगाच छाती फुगली.

१४ जानेवारी, बुधवार

मनोजनं ती उतरवली.

"शिक्का कुठाय?"

इथली रीत आज समजली. नोटीस संगणकावर टाइप करायची. मग छापायची. सही, शिक्का. मग त्या कागदाचा फोटो काढून पुन्हा संगणकात. चालती-बोलती नोटीस मुकी करून मगच ती सरकारी होते. "नुसतं टाइप केलेलं कुणी पण टाकेल. शिक्का नाय, तर ती अफवा," मनोज म्हणाला.

मी विचारलं, न दिसणाऱ्याला शिक्का ऐकू कसा येणार?

त्यानं खरोखर विचार केला! "आवाजाचा शिक्का अजून निघालेला नाय."

मग तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाला. बोलले.

१६ जानेवारी, शुक्रवार

टपरीवर जाऊन संतोषला सांगितलं - गाळ्याचं, शिक्क्याचं, सगळं. दुसरी काहीतरी युक्ती काढून नोटीस चढवीनच म्हटलं.

तो पेले विसळत होता. थांबला. "मला कळलं ना? मग झालं की. साइटवर कशाला बोंबलताय? गाळा एकच हाय!"

"अरे, पण तुझ्यासारख्या बाकीच्यांना-"

"टपरी माझी उठणार हाय, बाकीच्यांची नाय."

त्याची बायको सुरेखा वडे तळता तळता म्हणाली, "मोठे आले एकटेच! मॅडम, त्यांचं नका मनावर घेऊ."

घेतलं. तो चुकीचं काय बोलला, हे परतीच्या रिक्षात शेलूपर्यंत शोधत होते. सापडलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

केलं!

पहिल्याच पानावर साहेबांचा फीत कापतानाचा मोठा फोटो आहे. त्यामागचं वर्णन असं - "साहेब फीत कापत आहेत. शेजारी सहा जण टाळ्या वाजवत आहेत. नव्या बाजारात दिव्यांगांसाठी एक गाळा राखीव आहे. अर्ज ३० जानेवारीपर्यंत, खिडकी क्रमांक चार."

मनोजनं पान तपासलं. "साहेब भारी दिसतात." मंजूर.

संतोषला कळवलं नाही. धीर झाला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

संतोष फोन उचलत नाही. त्यानं वर्णन ऐकलं असणार.

३० जानेवारी, शुक्रवार

मुदत संपली. राखीव गाळ्यासाठी अकरा अर्ज! मनोज हैराण. "मागल्या बाजाराला एकच आला होता. प्रतिसाद नाय म्हणून गाळा जनरलला देऊन मोकळे झालो. यंदा यांना सांगितलं कुणी?"

मी चष्मा पुसत बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझा मजकूर इतका वाचला गेला. आणि त्या अकरांत संतोषचा एक.

४ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठी साहेबांनी काढली. फोटो निघाला. वर्णन मीच लिहायचंय.

नाव निघालं बुधीचं. वरच्या वाडीतली, कर्जत स्टेशनबाहेर रानभाजी विकते, जन्मापासून दिसत नाही. ती एवढी हसली की साहेबांनाही हसावं लागलं. संतोष भिंतीला टेकून होता. सुरेखाचा हात धरून निघून गेला. सोमवारी त्याची टपरी उठणार.

माझ्या हुशारीनं त्याचा गाळा घालवला. ह्याला मथळा सुचत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टपरीवर जाऊन कबूल केलं - फोटोमागे नोटीस मी लपवली होती, म्हणून अकरा जण आले. संतोष हसतच सुटला.

"तुमची साइट उघडतंय कोण, मॅडम? आमच्या न दिसणाऱ्यांच्या ग्रुपवर मीच बोलून टाकलं! मागल्या बाजाराला तो एकटा अर्ज माझाच होता. तुम्ही गाळ्याचं सांगून गेलात, त्या रात्री सुरेखानं आठवण करून दिली. एकच अर्ज आला, की गाळा जनरलला जातो."

"अरे, पण तुझा गाळा गेला की."

"गेला कुठं? आमच्यातच हाय."