काचेच्या कपाटातली पुस्तकं

मांडवगण फराटा
ता. ४ डिसेंबर १९५८

ती. रजियाआपास, सिद्दीकचा सलाम.

माझी तब्येत ठीक आहे. शेजारच्या पुतळाबाई दोन्ही वेळा गरम भाकरी देतात, काळजी करू नकोस. अम्मीचा खोकला थांबला का?

पहिलीच्या पोरांसाठी पुण्याला जाऊन पुस्तकं मीच निवडली होती. वाचायला टपोरी अक्षरं, गणिताला शेळ्यामेंढ्यांची चित्रं. ती शाळेत आली तशी बापूसाहेब पाटलांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पुस्तकं काचेच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली घरी नेली.

म्हणाले, "मास्तर, सरस्वती हाय ती. पोरांच्या मळक्या हातात कशी द्यायची?"

मी मुसलमान. पूजेतल्या पुस्तकांवरून गावाशी कसा भांडू?

पोरं काचेला नाक लावून वरच्या पुस्तकावरच्या शेळ्या मोजतात. पान काही उलटत नाही.

सोमवारी साहेब तपासणीला येणार आणि एकालाही वाचता येत नाही. माझी झोप उडाली आहे, आपा.

तुझ्या मेहमूदची जुनी पुस्तकं पत्र मिळताच एस.टी.नं पाठव. फाटकी, तेलकट, पानं सुटलेली, कशीही चालतील. चांगलं मात्र एकही पाठवू नकोस. त्याच्यापुढंही नारळ फुटेल.

तुझा भाऊ,
सिद्दीक