कातडीच्या रंगाचा हातमोजा

ट्रॉय, ३ मे १८८०

चि. फिंटन यास,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी मोठा भाऊ म्हणून देतो. वुस्टरच्या बेसबॉल संघाने तुला पहिल्या बेसवर घेतलं हे ऐकून मी अख्ख्या गुत्त्याला बिअर पाजली. आठवड्याने तिथेच कळलं, की तू हातमोजे घालून चेंडू झेलतोस! तेही कातडीच्या रंगाचे, प्रेक्षकांना दिसू नयेत म्हणून. लोक मला विचारतात, धाकट्याला दुलईत गुंडाळून पाठवता का? मला मान खाली घालावी लागली. आयुष्यभर मी ट्रॉयच्या संघात याच बेसवर उघड्या हातांनी झेललं. जूनमध्ये तुमचा संघ इथे येईल तेव्हा हातमोजे घालून उतरलास, तर टायर्नी आडनाव लावू नकोस.

लोभ होता, राहील की नाही ते तू ठरव.

मॅलकी

वुस्टर, ९ मे

ती. मॅलकीदादास सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. अक्षर फार वाकडंतिकडं आलंय. बोटं मिटत नाहीत ना? ईस्टरला होनोरावहिनी तुला मटण कापून देत होती आणि तू तिच्यावरच खेकसत होतास, मी पाहिलंय. धावणाऱ्याला बाद करायला सगळ्या मैदानातून चेंडू आपल्याकडेच फेकतात. ते झेलायचे, की मोडकी बोटं मिरवत हिंडायचं? तुझ्या संघाचा मालक तुझ्या जागी माणूस शोधतोय, हे इथे पोरंटोरंही बोलतात. मी हातमोजे घालूनच येणार. आडनाव बापाचं आहे, तुझं नाही.

वहिनीला नमस्कार. तुझ्या लोभावाचून माझं अडत नाही.

फिंटन

ट्रॉय, २१ जून

फिंटन,

शेवटच्या डावात तू चेंडू टोलवून माझ्या बेसकडे धावत सुटलास, चेंडू माझ्याकडे आला, माझं बोट फाटलं, पण चेंडू सुटला नाही. तू बाद झालास. मरेपर्यंत लक्षात ठेव. वर सगळ्यांदेखत खिशातून डाव्या हाताचा हातमोजा काढून माझ्या पायाशी टाकलास. भीक घालतोस मला? डॉक्टरने बोट कापलं. मालकाने मला काढलं आणि माझ्या जागी घेतलेला गडीही हातमोजेवालाच आहे. पुन्हा तोंड दाखवू नकोस.

मॅलकी

भावोजी, वरचं सगळं यांनी सांगितलं तसं मीच लिहिलंय. यांना पेन धरवत नाही. आता माझं ऐका. सोमवारपासून हे लोखंडी शेगड्या ओतायच्या कारखान्यात जाणार. तिथे सगळेच हातमोजे घालतात, कुणी हसत नाही. तुम्ही टाकलेला यांनी सदऱ्यात लपवून घरी आणला होता. काल घालून पाहिला, नीट बसतो.

उजव्या हाताचाही पाठवून द्या. आणि हे कुठे बोललात, तर माझ्याशी गाठ आहे.

होनोरा