झेंड्याची गाठ

प्रिय बाबा,

हा शब्द तात्पुरता लिहितोय, जपून वापरा. उतई गावाहून आमच्या कामगारवस्तीत, कॅम्प-१ मध्ये, भाजी विकायला येणाऱ्या भैयालालने निरोप दिला, की त्याच्या शेजारी उतरलेला माणूस स्वतःला चंपत म्हणवतो, म्हणजे माझा बाप. भैयालाल भोळा आहे, मी नाही. बायको डावखुरी, पोराला खांद्यावर बसवून पोलादाच्या प्लांटवरचं रात्रीचं लाल आभाळ दाखवायचो, अशा खुणा तुम्ही सांगितल्यात. आईचा डावा हात अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि लाल आभाळ तर कॅम्पातल्या प्रत्येक बापाने दाखवलंय. मी बालवाडीत असताना दुबईला कामाला गेलेला, मग फोनही बंद केलेला माणूस आता कॉलेजातल्या पोराकडे कशाला येतो? घरातल्या एकुलत्या फोटोत चेहऱ्यावर हेल्मेटची सावली आहे. ताडून तरी कशाशी पाहू?

सध्या आम्हाला एक ग्रीक महाकाव्य शिकवतात. त्यातही बाप लढाईला जातो तो वीस वर्षं परतत नाही. मुलगा आधी नुसता हताश बसलेला, घरात परके पुरुष फुकट जेवतायत. (आमच्याकडे ती अडचण नव्हती, तेवढं अन्नच नव्हतं.) मग तो बापाचा शोध घेत निघतो, आणि शेवटी एक फाटका माणूस त्याला म्हणतो, मीच तुझा बाप. मुलगा ठाम सांगतो, तू नाहीस. सर म्हणाले, बापाशेजारी उभा राहून लढला तेव्हा तो मोठा झाला. मला वाटतं, नाही म्हणाला तेव्हाच झाला.

त्या काव्यात बायकोही नवऱ्याची पारख करते, फक्त घरातल्यांना ठाऊक असलेल्या एका खुणेवरून. तशी खूण आमच्याकडेही आहे. बाबा रिगर होते, प्लांटात अवजड माल दोराने बांधून उचलायचे. चौदा एप्रिलला निळ्या झेंड्याचा बांबू ते छज्ज्याला एका वेगळ्याच गाठीने बांधत. ते गेल्यावर आई स्टुलावर चढून तीच गाठ बांधत आली. यंदा पहिल्यांदा मी बांधली, स्टूल न घेता. गल्लीत दुसऱ्या कोणाला ती जमत नाही.

आईला म्हटलं, दोर घेऊन उतईला जातो. ती सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाठ बांधता आली, त तो तुया बाप हाय. त्याले तिथंच राहू दे. नाई आली, त बिचारा कोनी परका हाय. त्याले चहाले घेऊन ये."

तेव्हापासून मला आईचाही संशय येतोय. आम्ही दोघं बिनसाखरेचा चहा पितो, आणि काल तिने साखर आणली. म्हणून हे पत्र भैयालालच्या हाती पुढे पाठवतोय. रविवारी येतो. तुम्ही खरे असाल तर ती गाठ मला तुमच्या हातून बघायची आहे, लहानपणापासून बघायची आहे. पण घरी यायचं असेल तर ती चुकवावी लागेल. मुद्दाम चुकवलेली गाठ मला ओळखता येते. आईला ते सांगायचं की नाही, हे मी ठरवीन.

तुमचाच, असलो तर,
पियूष